ठकूबाईचा सवाल

लातूरच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, "मावशी, सोबत कोण हाय?"

"पिशवी आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं, मग काठीकडे, मग मला सोडायला आलेल्या माझ्या मुलाकडे. मुलानं लगेच संधी साधली. "बघ आई, परके लोकसुद्धा विचारतात. अजून उतर. दसरा इथंही असतो की."

दसरा लातूरलाही असतो, खरं आहे. पण लातूरचे मागचे दोन दसरे मी खिडकीतून पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग गेलं. पाय हळूहळू परत आला, थोडा फरफटत. हात मात्र आला न आल्यासारखाच. पस्तीस वर्षं मी ब्लाउजं शिवली. उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्यानं कापड पुढं सरकवायचं, हेच माझं जगणं. ते थांबल्यावर घरच्यांनी मला फार जपलं. इतकं जपलं, की पाण्याचा पेलासुद्धा मला कोणी उचलू देईना. जपणं आणि कोंडणं यांच्यात एक शिवण असते, ती कधी उसवते ते माणसांना कळत नाही. म्हणून नाशिक रोडहून कमलचा फोन आला, "बाई, नवरात्रात या, आमच्याकडे बघायला खूप असतं," तेव्हा मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

कमल माझ्या हाताखाली शिकलेली. सतरा वर्षांची असताना माझ्या दुकानात आली, काज-बटणापासून सुरुवात केली, आणि लग्न होऊन नाशिकला गेली ती माझी जुनी कात्री मागून घेऊनच. आता तिचा स्वतःचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, चार मशिनं आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग. मला ती अजून 'बाई' म्हणते.

नगर, संगमनेर, सिन्नर. दिवसभर बस धावत होती. सिन्नरचा घाट उतरताना हवा बदलली. आमच्याकडे आश्विनातलं ऊन अंगाला चावतं, इथं त्याला थोडी माया होती. नाशिक रोडला उतरले तेव्हा कमल समोर उभी होती, आणि तिनं माझा हात धरला नाही. फक्त पिशवी घेतली. माझा मुक्काम चांगला होणार हे मला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. संध्याकाळी कालिकेच्या यात्रेला गेलो. मुंबई नाक्याकडून रस्ता माणसांनी भरलेला. बांगड्यांच्या गाड्या, भेळभत्ता (चिरमुरे, फरसाण, कांदा आणि तिखट हिरवी मिरची, नाशिककरांचा जीव की प्राण), उपवासवाल्यांसाठी साबुदाणावडे. कमलच्या घरात नवरात्र नसतं. ती बौद्ध आहे, देवीला हात जोडत नाही, पण यात्रेतली भेळ तिला चालते. "भेळीला कुठं धर्म असतो, बाई," ती म्हणाली आणि दोन पुडे घेतले.

दर्शनाची रांग लांब होती. मी बाहेरूनच नमस्कार केला आणि माझं लक्ष आकाशपाळण्याकडे गेलं. लहानपणी उदगीरच्या यात्रेत बसले होते, त्यानंतर नाही.

पाळणेवाला म्हणाला, "मावशी, तुम्हाला नाही झेपणार. एका हातानं धरता येत नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"तसं नसतं मावशी."

"मग कसं असतं ते सांग. दोन हातवाले पडत नाहीत का कधी?"

मागची रांग हसली. एक बाई म्हणाली, "अरे बसव ना त्यांना, आम्हाला उशीर होतोय." मी डाव्या बाजूला कमलला बसवलं, उजव्या हातानं दांडा धरला. वर गेल्यावर सगळं नाशिक पायाखाली आलं. दिवे, देवळाचा कळस, हायवेवरची वाहनांची माळ. कमल डोळे गच्च मिटून ओरडत होती. मी ओरडले नाही, पण त्या धांदलीत माझ्या डाव्या पायातली चप्पल सुटली आणि कुठं गेली ती देवीलाच ठाऊक. त्या पायाला पकड नसते. मी घरी नाडीनं बांधते, त्या दिवशी विसरले होते.

मग राहिलेली चप्पलही पिशवीत टाकली आणि अनवाणी चालू लागले. नवरात्रात कितीतरी बायका अनवाणी चालतात, त्यामुळे कोणी वळूनही पाहिलं नाही. उलट एका पोरीनं मला वाट करून दिली. "जाऊ द्या आजींना, कडक नवरात्र आहे त्यांचं." कमल हसू दाबत होती. मी काठी टेकत पुढं झाले. फुकटचं पुण्य कशाला नाकारा?

दसऱ्याला सकाळी कमल पांढरी साडी नेसून तयार झाली. नवी चप्पल तिनं माझ्यासाठी आदल्या दिवशीच आणली होती, पट्ट्याची. तिच्याकडे दसरा हा धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी ती दरवर्षी त्रिरश्मी लेण्यांवर जाते. शहराच्या दक्षिणेला, हायवेच्या कडेला एकटाच डोंगर आहे, त्याच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. पायथ्याशी पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती. म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, निळे झेंडे, पंचरंगी झेंडे, आणि प्रत्येक ओळखीच्या तोंडावर 'जय भीम'.

पायऱ्या पाहून कमल पहिल्यांदाच घुटमळली. "बाई, खाली विहारात बसता का? मी पटकन जाऊन येते."

मी काठी पहिल्या पायरीवर टेकवली.

उजवा पाय वर, मग डावा ओढायचा, मग श्वास. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. मोजलं असतं तर बसले असते. कमल एक पायरी मागं राहिली, मी पडले तर धरायला. वळणावळणावर माणसं थांबून पाणी विचारत होती. एकानं विचारलं, "आजी, कितव्यांदा येताय?" मी म्हटलं, "पहिल्यांदा." तो म्हणाला, "मग आरामात चढा, लेणी कुठं पळून जात नाहीत."

वर पोचलो तेव्हा माझं ब्लाउज पाठीला चिकटलं होतं. एका लेण्याच्या व्हरांड्यात आम्ही टेकलो. दगडाचा गारवा अंगात उतरत गेला. शेजारी चार-पाच कॉलेजची पोरं फोटो काढत होती. त्यांतला एक दुसऱ्याला सांगत होता, "ही पांडवांनी बांधली, वनवासात."

कमल उठली. शिवणकामात जसा ती टाका उसवते, न चिडता, नीट, तशी म्हणाली, "पांडवांनी नाही, दादा. ही भिक्खूंसाठी कोरलेली. डोंगराचं नाव त्रिरश्मी. आत भिंतीवर लिहिलंय."

"सगळे पांडवलेणीच म्हणतात, काकू."

"सगळे म्हणू देत. मी इथं दरवर्षी येते आणि दरवर्षी कोणाला तरी हे सांगते. आज तुमचा नंबर लागला."

पोरगा हसला, मग खरोखर आत जाऊन भिंतीवरची अक्षरं पाहू लागला. त्याला वाचता येणार नव्हती, मलाही आली नाहीत. पण कमलचा चेहरा मी पाहत होते. सतरा वर्षांची असताना ही मुलगी गिऱ्हाइकांसमोर आपलं आडनाव सांगायला कचरायची.

दसऱ्यानंतर परत फिरायचं, असं घरी सांगून आले होते. पण दसऱ्याला रात्री जेवताना यशोदानं वाघबारशीचा विषय काढला.

यशोदा कमलकडे मशिनवर असते, तिच्याच घरी मागच्या खोलीत राहते. बाविशीतली, हरसूलकडची, डोंगरातल्या एका पाड्यावरची (पाडा म्हणजे पाच-पन्नास घरांची वस्ती). वसुबारस आपल्याकडे गाय-वासराची. तिच्या भागात त्याच दिवशी वाघबारस असते. गुरं राखणारे त्या दिवशी घरोघर फिरून तांदूळ, गूळ, डाळ मागतात, गावाच्या शिवेवर वाघदेवाच्या दगडापाशी खीर शिजवतात. एक माणूस वाघ होतो. गुराखी त्याला सवाल विचारतो, वाघानं कबूल करायचं की वर्षभर आमच्या गुरांना हात लावणार नाही. मग गुराखी नारळ फोडतो.

"गुराखी मपली आय हाय," यशोदा म्हणाली, "पन तिला नारळ फोडू देनार नाय म्हनतात."

तिच्या आईचं नाव ठकूबाई. नवरा अख्ख्या पाड्याची गुरं राखायचा. दोन वर्षांपूर्वी तो तापानं गेला आणि गुरं कोणी राखायची हा प्रश्न आला, तेव्हा कोणी पुढं झालं नाही. ठकूबाईनं दुसऱ्या दिवशी नवऱ्याची काठी उचलली आणि गुरं सोडली. गेल्या वाघबारशीला मात्र नारळ तिच्या चुलत दिरानं, सोमानं फोडला. बाईनं वाघदेवाला हात लावायचा नसतो म्हणून. ती गप्प राहिली. यंदा श्रावणात रानात वाघ आला (त्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात). त्यानं एका कालवडीवर झेप घेतली आणि ठकूबाई काठी घेऊन मधे घुसली. कालवड वाचली. ठकूबाईच्या उजव्या खांद्यावर पंजा बसला.

"यंदा ती गप बसनार नाय," यशोदा म्हणाली. "बाई, तुमी याल?"

मी लातूरला फोन लावला आणि दिवाळीपर्यंत येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून मुलगा बराच वेळ बोलला. मी ऐकून घेतलं आणि "फराळाचं सूनबाईंना जमेल तेवढंच करू दे," एवढं म्हणून फोन ठेवला. मधले दिवस मी कमलच्या कारखान्यात गणवेशांची बटणं निवडण्यापेक्षा जास्त गप्पा मारण्यात घालवले. कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध प्यायले. आणि वाघबारशीच्या आदल्या सकाळी कमल, यशोदा आणि मी हरसूलच्या बसमध्ये बसलो.

त्र्यंबक मागं पडलं आणि रस्ता डोंगरात शिरला. मी असं पिवळं कधी पाहिलं नव्हतं. उतारांवर खुरासणी फुलली होती (हिचं तेल काढतात), आणि खालच्या खाचरांत भात पिकून वाकलं होतं. हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकी मासळी, मातीची मडकी, बांबूच्या टोपल्या, कोंबड्या, प्लास्टिकचे आकाशकंदील, सगळं एकाच ओळीत. आम्ही नारळ घेतले आणि जीपमध्ये मागच्या बाजूला दाटीनं बसलो. माझी काठी एका म्हाताऱ्याच्या कोंबडीच्या पिंजऱ्यात अडकली, त्यावरून सगळी जीप हसली, आणि पाड्यावर पोचेपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की लातूरची एक लंगडी बाई वाघबारस बघायला आली आहे.

ठकूबाई अंगणात भात झोडपत होती. डाव्या हातानं. काळीसावळी, किरकोळ बांध्याची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या लोंबत्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि सरळ विचारलं, "तुला कोन धरला?"

"मला आतूनच कोणीतरी धरलं," मी म्हटलं.

"माना भाईरून धरला," ती म्हणाली आणि हसली. "बस."

रात्री तिनं नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सणाचं लुगडं आणि ब्लाउज घेऊन बसली तेव्हा खरी अडचण कळली. ब्लाउज दोन वर्षांपूर्वी शिवलेलं. खांद्यावरची जखम भरून आली होती, पण मांस गाठ धरून वर आलं होतं. ब्लाउज घातल्यावर बाही तिथं करकचून बसायची. हात छातीच्या वर जाईना.

"हात वर जानार नाय तर नारळ कसा फोडशी?" यशोदा म्हणाली.

"डाव्यानं फोडीन."

"डाव्या हातानं देवाचं करायचं नाय, आय. तेवढंच निमित्त पायजे त्यांना."

मी तिला जवळ बसवलं आणि खांदा पाहिला. दवाखान्यातले टाके घाईत घातलेले होते, पण पक्के होते. ब्लाउज मी मांडीवर घेतलं. दोन वर्षांत मी एकही शिवण धरली नव्हती. कमल म्हणाली, "बाई, मी करते." मी मान हलवली. कमलला राग आला नाही, ती नुसती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. तिचा डावा हात माझा झाला. तिनं कापड ताणून धरलं, मी ब्लेडनं बगलेची शिवण उसवली. यशोदाच्या पिशवीत गणवेशाची एक निळी चिंधी निघाली. तिचा चौकोनी तुकडा कापून बगलेत बसवला, हातशिलाईनं, दुहेरी दोऱ्यानं. टाके वाकडे आले. माझ्या शिकाऊ पोरींनी असे घातले असते तर मी उसवायला लावले असते. पण ठकूबाईनं ब्लाउज घातलं, हात उचलला, आणि तो कानाच्याही वर गेला. तिनं तो तसाच वर ठेवला, थोडा वेळ. मग खाली आणून माझ्या डोक्यावर ठेवला. कमल उठून मागच्या अंगणात गेली. तिला माझ्यासमोर रडायचं नव्हतं बहुतेक.

ऊन कलल्यावर आम्ही गुरांच्या मागोमाग शिवेवर गेलो. एका मोठ्या सादड्याच्या झाडाखाली वाघदेवाचा दगड आहे. उभा, शेंदूर लावलेला, त्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. तीन दगडांच्या चुलीवर हंड्यात खीर रटरटत होती. पाड्यातली बहुतेक माणसं जमली होती. पुरुष दगडाभोवती, बायका लांब, बांधावर. भगत (पाड्याचा देवऋषी) दगडासमोर तांदळाचे पुंजके मांडत होता. फार म्हातारा, पापण्यासुद्धा पांढऱ्या.

ठकूबाई बांधावर थांबली नाही. गुरं तिनं दगडाच्या बाजूला वळवून उभी केली आणि नारळ घेऊन पुढं गेली.

सोमा आडवा झाला. आडदांड, पन्नाशीचा. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. समजावणीच्या सुरात तो म्हणाला, "वहिनी, नारळ दे. म्या फोडतो तुह्या नावानं. तुला बरं नाय."

"माना बरं हाय."

"बाईचा हात लागला तर वाघदेव कोपतो. मग कोनाचं ढोर गेलं तर तू भरून देशी?"

मागून दोघा-तिघांनी माना हलवल्या. ठकूबाई तशीच उभी. मग ती शांतपणे म्हणाली, "बरं. नारळ घे. काठी बी घे." आणि नवऱ्याची ती काठी तिनं सोमापुढे धरली. "उद्यापून ढोरं तू राख. वरीसभर. पावसात, थंडीत. आन वाघ आला का मधी तू जाय."

सोमानं काठीला हात लावला नाही. कोणीच लावला नाही. गुरं हंबरत होती, चुलीतलं लाकूड तडतडत होतं. माझ्या मनात आलं, पुढं व्हावं, काहीतरी बोलावं. कमलनं माझा पदर धरला. "तिचं तिला बोलू द्या, बाई," ती कुजबुजली. तिचं बरोबर होतं.

तेवढ्यात बांधावरून एका बाईचा आवाज आला. "कालवड कोनाची व्हती?"

सगळे वळले. ती सोमाची बायको होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता, पण आवाज स्वच्छ होता. "सरावनात वाघानं धरली ती कालवड कोनाची व्हती, सांगा ना. आपलीच व्हती ना?"

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ठकूबाईनंही नाही, यशोदानंही नाही. सोमानं बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

भगत पुंजके मांडायचा थांबला होता. तो दगडाला धरून उठला. "वाघाला बाई न बाप्या कळत नाय," तो म्हणाला. "त्यानं ढोरं राखनाऱ्याला धरला. आता राखनाराच सवाल करील. ये गं ठके."

सोमा बाजूला झाला. नुसता बाजूला नाही, पाठ फिरवून पाड्याकडे चालू लागला. आणखी चार जण त्याच्यामागे गेले. बाकीचे थांबले. मला वाटलं होतं, सगळे टाळ्या वाजवतील, जयजयकार होईल. तसलं काही झालं नाही. माणसं अवघडून उभी होती. सण कसा पुढं न्यायचा हे कोणालाच सुचत नव्हतं. तेव्हा वाघ आला.

वाघ म्हणजे पाड्यातलाच एक माणूस, उघड्या अंगावर राखेचे पट्टे, कमरेला घोंगडी. झुडपामागून तो चार पायांवर डरकाळ्या फोडत आला. पोरं किंचाळून हसली, आणि जरा मोकळं झालं.

ठकूबाईनं काठी आपटली. "कोन रं तू?"

"वाघ!"

"मपल्या रानात येशी?"

"नाय येनार!"

"ढोराला हात लावशी?"

"नाय लावनार!"

इथं सवाल संपतो, असं यशोदानं मला सांगितलं होतं. वाघ उठून घोंगडी झटकायला लागला. पण ठकूबाई हलली नाही.

"आन बाईला?"

वाघ गोंधळला. हा सवाल दरवर्षीचा नव्हता. त्यानं भगताकडे पाहिलं. वाघानं ठकूबाईच्या खांद्याकडे पाहिलं आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला.

"बाईला बी नाय," तो म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही.

बांधावरच्या बायकांतून एक आवाज उठला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला सांगता येणार नाही. माझाही त्यात होता.

मग नारळ. उजवा हात वर गेला, कानाच्या वर. पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्याला नुसती चीर गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते, खांदा दुखत असणार. कोणी पुढं झालं नाही आणि तिनं कोणाकडे पाहिलंही नाही. तिसऱ्याला नारळ फुटला आणि पाणी दगडावर ओघळलं. माझे वाकडे टाके सुटले नाहीत.

आम्ही झाडाखाली पानांवर खीर खाल्ली. गुळाची, धुराचा वास असलेली. किसलेली काकडी, तांदळाचं पीठ आणि गूळ पानात बांधून वाफवलेलं एक पक्वान्न होतं, त्याचे मी तीन तुकडे खाल्ले. सोमाची बायकोही आमच्या पंगतीत बसली. ती घरी जाऊन काय ऐकणार होती कोण जाणे. तिनं दुसऱ्यांदा खीर मागून घेतली.

खरी काळजी मला सकाळची होती. निघून गेलेल्या पाच जणांची गुरं पाड्यातली निम्मी गुरं होती. त्यांनी ती पाठवली नाहीत तर ठकूबाईचं कसं होणार? ती मात्र उजाडता उजाडता काठी घेऊन अंगणात उभी राहिली, रोजच्यासारखी. गुरं यायला लागली. आधी जी यायची ती आली. मग त्या चौघांपैकी एकाची पोरगी दोन बैल घेऊन आली. मग दुसऱ्याचा भाऊ. दावं सोडलं आणि गेले. सगळ्यांत शेवटी सोमा स्वतः आला. हातात कालवडीचं दावं. कालवडीच्या पाठीवर पंजाचे पांढरे वण.

तो दावं सोडायला वाकला. ठकूबाई म्हणाली, "थांब."

ती घरात गेली, पानात गुंडाळलेला खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली. "आधी परसाद घे. मंग ढोर सोड."

सोमा तुकड्याकडे पाहत राहिला. अंगणात आम्ही सगळ्या होतो. त्यानं तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि तिथंच उभा राहून चावला. मग दावं सोडलं. ठकूबाईनं कालवडीच्या पाठीवर हात मारला आणि गुरं डोंगराकडे वळवली. आम्हाला निरोप द्यायलाही ती थांबली नाही. काठी वर करून दाखवली तेवढीच. तिला उशीर झाला होता.

हरसूल, त्र्यंबक, नाशिक रोड, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ती लांबलचक बस. कमलनं गाडीत बसवून दिलं, खिडकीतून चिवड्याचा पुडा दिला. नगरपर्यंत मी झोपले. पुढं जाग आली तेव्हा माळावर दिवस मावळत होता आणि वाटेतल्या घरांवर कंदील लागले होते.

लातूरला शेजारच्या बाई फराळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "एवढं फिरलात, देवीला गेलात, लेण्यांवर गेलात, त्या वाघाच्या देवाला गेलात. काय मागितलंत?"

जन्मभर मी देवापुढं मागतच आले. नवऱ्याला बरं वाटू दे, मुलाला नोकरी लागू दे, माझा हात परत दे. सणांना आम्हा बायकांचं काम तेच, हात जोडायचे आणि मागायचं. त्या झाडाखाली मी एका बाईला देवापुढं उभं राहिलेलं पाहिलं. तिचे हात जोडलेले नव्हते. एका हातात काठी होती, दुसऱ्यात नारळ. तिनं काही मागितलं नाही. तिनं वाघाला विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत हलली नाही.

"मागितलं काही नाही," मी शेजारणीला म्हटलं. "विचारायचं कसं, ते बघून आले."

त्यांना ते काही कळलं नसावं. त्यांनी ताटलीतली करंजी माझ्या हातात द्यायला उचलली, मग माझ्या लुळ्या हाताकडे पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "थांबा, मी भरवते."

"नको," मी म्हटलं. "ठेवा ताटलीत. मी घेते."